शाळेची वेळ वारली

समस्त पालक, विद्यार्थी, गावकरी आणि पंचक्रोशीतल्या तमाम मनगटी घड्याळांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या शाळेची वेळ वारली. कृपया हसू नये. मी मराठीचा मास्तर, स्नेहसंमेलनात दरवर्षी यमाचं काम करणारा माणूस. पण या खेपेला सोंग नाही. आमचे शिपाई किसनभाऊ गेले, त्याला आता महिना होईल.

शाळा पांढरकवड्याहून बरीच आत, डांबर संपतं तिथली. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. हातोडी किसनभाऊंच्या हातात, म्हणजे राज्य त्यांचं. साडेदहाला टोला पडावा असा नियम, आणि साडेदहाला हे महाशय हातोडी उचलून नुसते फाटकाबाहेर बघत उभे! पडदा ओढणारा नटाची वाट बघतो तसे. मुख्याध्यापक काळेसर, ज्यांच्या घरी दूधही वेळेवर उतू जात असावं, व्हरांड्यातून शुद्ध पुस्तकी मराठीत गर्जायचे, "किसनभाऊ, वेळ झालेली आहे!" हे मान न वळवता म्हणायचे, "तुमचं घड्याळ पुढं हाये, साहेब." स्वतःच्या मनगटावर घड्याळाचा पत्ता नाही. काळेसरांनी चिडून नवं घड्याळ घेतलं. तेही पुढंच निघालं.

मग तांड्याच्या वाटेवर लाल दप्तर दिसायचं आणि टोला पडायचा. दप्तर आठवीतल्या पायलचं. आई कापूस वेचणीला गेली की धाकट्याला खाऊ घालून, शेजारणीकडे सोडून, ही नाला ओलांडत पळत यायची. मी एकदा छेडलं, "भाऊ, एका पोरीपायी अख्खी शाळा उन्हात उभी करता?" तर माझ्यावरच उखडले. "मास्तर, घंटी ऐकली का ते पोरगी नाल्यातूनच वापस फिरते. समद्या रांगेसमोरून उशिरा याची लाज वाटते तिले. म्या पाह्यलं हाये. अन् तुमची शाळा कोठी पळून चालली काय?"

यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटलो तेव्हा मी आपला नेहमीचा खेळ मांडला. नर्सची नक्कल केली, शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा हसले. किसनभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "घंटी कोण मारून राह्यलं?"

"काळेसर स्वतः."

त्यांनी डोळे मिटले... "मंग झालं. टायमावर मारत असन तो माणूस."

मारतच होते. किसनभाऊ गेल्यावर नवा शिपाई मिळाला नाही, तेव्हा हातोडी सरांकडेच राहिली. टोला ठीक वेळेवर पडू लागला आणि लाल दप्तर दिसेनासं झालं. मी सरांना सगळं सांगितलं. ते सरळ माझ्या मोटरसायकलवर मागे येऊन बसले. तांड्यावर पायलचे बाबा म्हणाले, "उद्यापासून मायसंगं वेचाले जाईन सर ते. शाळेचा टाइम नाही जमत तिले." मी यम, राजा, विदूषक, सगळे होऊन पाहिलं. हात जोडले. पायल दाराशी उभी राहून एवढंच म्हणाली, "काका नाही ना आता. घंटी होते, अन् मी नाल्यातच असतो." परत निघालो. नाल्याशी काळेसर म्हणाले, "गाडी थांबवा." उतरले, तिथून शाळेच्या कडुलिंबाकडे बघत राहिले...

दुसऱ्या दिवशी रांगा लागल्या. काळेसर कडुलिंबाखाली, हातोडी उचललेली. टोला पडेना. पोरं चुळबुळली. सगळ्यांची नजर सरांवर, सरांची फाटकाबाहेर. वाट रिकामी, नाल्यापर्यंत रिकामी. ऊन चढत होतं, पण हात खाली येत नव्हता. शेवटी मला राहवेना. जवळ जाऊन हळूच म्हणालो, "सर... वेळ कधीच होऊन गेली."

मान न वळवता काळेसर सगळ्या शाळेला ऐकू जाईल असे ओरडले, "तुमचं घड्याळ पुढं हाये, मास्तर!"