घरातला नंबर

धामापूरच्या भगवतीच्या देवळात दर मंगळवारी भजनाला बसणाऱ्या बायकांमध्ये दीपिका गावडे सगळ्यांत लहान. जवळच्या कट्टा गावच्या बाजारात तिचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं. त्यामुळे गावात कुणाच्या फोनाला काही झालं की तो आधी तिच्याच हातात यायचा. "दीपिकाक विचार," असं कुणी म्हटलेलं कानावर आलं की तिला बरं वाटायचं.

भजनी मंडळाची दरवर्षी एक सहल निघायची. वर्गणी सावित्रीकाकी जमवायची आणि गाडीपासून चहापर्यंतचा सगळा खर्च तीच करायची. मागच्या वर्षी कोल्हापूरहून परतताना तिचा हिशेब जुळेना. रक्कम काही मोठी नव्हती, पण दोघीतिघी आपसांत कुजबुजल्या आणि ते तिच्या कानावर गेलं. त्यानंतर तिने पैशांतून अंगच काढून घेतलं.

यंदा गोकर्ण-मुर्डेश्वर ठरलं तेव्हा दीपिका म्हणाली, "हिशेब ॲपवर ठेवूया. कोणाक कोणावर संशय नको."

दुकानात गिऱ्हाईक नसताना तिने तीन-चार ॲप उतरवून पाहिली. एक सगळं इंग्रजीत होतं. दुसरं दिवसाला मोजक्याच नोंदी फुकट घ्यायचं, पुढे पैसे मागायचं. तिसरं साधं होतं. हिशेब फक्त तो ठेवणाऱ्याच्या फोनात राहायचा. चौथं मराठीत होतं आणि खर्चाची नोंद केली रे केली की प्रत्येकीच्या वाट्याचा मेसेज तिच्या तिच्या नंबरावर जायचा. दीपिकाला हे चौथं पटलं. ज्याचं त्याला कळलं की कुजबुजायला जागाच उरत नाही.

भजन संपल्यावर ती एकेकीचा नंबर घालत गेली. मथुराकाकीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडे खंय फोन आसा?"

"घरात कोणाकडे तरी असतलो ना? काकांचो दी."

मथुराकाकी जरा घुटमळली. "त्येंचो?" तिने विचारलं. "रोख दिलंय तर चलाचा नाय?"

"पैसे रोखच दी गो. नंबर नुसतो नावापुढे व्हयो. नायतर ॲप पुढे जायत नाय."

दीपिका घाईत होती, दुकान उघडायचं होतं. मथुराकाकीने नंबर सांगितला.

गोकर्णाला सगळं छान झालं. दीपिका खर्च झाला की लगेच नोंद करायची: गाडी, खोल्या, जेवण, नारळपाणी. दुसऱ्या दिवशी मुर्डेश्वरला सावित्रीकाकीच्या फोनावर मथुराकाकीसाठी घरून फोन आला. ती बाजूला जाऊन बोलून आली आणि मग पाण्यात उतरलीच नाही. एरवी समुद्र दिसला की लुगडं खोचून सगळ्यांच्या आधी ती धावायची. दमली असेल, असं दीपिकाला वाटलं. तिने सगळ्यांचा फोटो काढला आणि जेवणाची नोंद केली.

परतल्यावर सगळ्या खूश होत्या. यंदा हिशेब चोख लागला होता. सावित्रीकाकीने चार बायकांसमोर दीपिकाच्या पाठीवर हात फिरवला. मथुराकाकी मात्र त्या मंगळवारी आली नाही. पुढच्याही नाही.

दीपिका तिच्या घरी गेली. मथुराकाकी खळ्यात कुळीथ झोडत होती.

"काकी, भजनाक येणंस नाय ती?"

काकीने हात थांबवला नाही. "मी घरात सांगी होतंय, मंडळाक भजनाच्या स्पर्धेत बक्षिसाचे पैसे गावतत, त्यातच सहलीचा सगळा भागता म्हणान. परड्यातली केळी नि कोकमा इकून मी वर्षभर पैसे साठवी. ते पैसे आसत ह्या त्येंका म्हायतच नव्हता. तुझे मेसेज येवक लागले, नि सगळा कळला."

दीपिका तिच्यासमोर खाली बसली. "मगे? ते काय म्हणाले?"

"वरडाक नाय, काय नाय. आता कोकमा ते सोताच बाजारात नेतत."

"तू माका तेव्हाच सांगूक व्हया होतंस गो!"

"सगळ्यांसमोर काय सांगतलंय? नि तू खंय मुद्दाम केलंस? तुझो काय दोष नाय."

ते ऐकून दीपिकाला अधिकच लागलं. काकी चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर परवडलं असतं. तो घुटमळलेला प्रश्न तिने तेव्हा ऐकला होता. पण त्याच्याकडे लक्ष द्यायला तिला सवड नव्हती. शिवाय ते तिसरं, साधं ॲपही तिने पाहिलं होतंच की. ते घेतलं असतं तर एकही मेसेज कुठे गेला नसता. ते सोडून तिने चौथं निवडलं, कारण आपलं काम चोख आहे हे सगळ्यांना दिसायला हवं होतं.

तेवढ्यात काकीचे यजमान हरिश्चंद्रकाका गुरांना पाणी दाखवून आले. दीपिका चटकन उठली.

"काका, ते मेसेज चुकीचे होते. ॲप सगळ्यांच्या नावावर आपोआप वाटो घालता. काकीचे पैसे खराच मंडळान भरले."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. फोनातलं तिला कळतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी बहुतेक विश्वास ठेवलाही असता. पण मथुराकाकी मागून म्हणाली, "नको गो. इतकी वर्सा खोटा बोललंय, आता तू पण बोलू नको. पैसे माझेच होते."

काका आत गेले. दीपिका तशीच घरी निघाली. वाटेत स्कूटर थांबवून तिने फोनातलं ते ॲप काढून टाकलं. त्याने काही सुधारणार नाही, हे तिला कळत होतं.

पुढच्या महिन्यात मथुराकाकी पुन्हा भजनाला येऊ लागली. वर्षभराने गणपतीपुळ्याची सहल ठरली तेव्हा हरिश्चंद्रकाका स्वतः कट्ट्याच्या दुकानात आले आणि त्यांनी बायकोची वर्गणी मोजून दीपिकाच्या हातात दिली. "काका बदलले गो!" हे कळल्यावर सावित्रीकाकी म्हणाली. बाकीच्यांनाही ते खरं वाटलं. दीपिकाला वाटलं नाही.

गणपतीपुळ्याला दर्शन झाल्यावर बायका बांगड्यांच्या दुकानात शिरल्या. मथुराकाकी बाहेरच उभी राहिली. दीपिका तिच्यापाशी गेली.

"काकी, घे गो तुका. मी देतंय."

"नको. घरी विचारतले, खंयसून इले म्हणान." मग तिने आवाज खाली आणला. "नि चाय-नाश्त्याचे माझे किती झाले ता जरा लिहून दी हां. दाखवचा लागात."

दीपिकाने पर्समधून एक कोरा कागद काढला. आकडे लिहिताना तिला काकीकडे मान वर करून बघवेना.