पाटणकरांची झोप आणि रहमतचाचांची घोडी

ताप आला तर लोक डॉक्टरचा पत्ता देतात. झोप येत नाही म्हटलं की प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर होतो! म्हणून आजारी माणसाच्या घरी औषधं साठतात आणि झोप उडालेल्या माणसाच्या घरी किस्से. लखनौला तेलीबागेत आम्ही तीन मराठी कुटुंबं शेजारीशेजारी राहायचो, तेव्हा दर रविवारी पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत पाटणकरांच्या झोपेचा एखादा नवा किस्सा तयार झालेला असायचा. ब्याण्णव-त्र्याण्णवचे दिवस ते. मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात, पाटणकर रेल्वेच्याच कंट्रोल ऑफिसात, आणि समोरच्या घरात फौजेतले सुभेदार जाधव. मला पहिल्यापासून नसत्या चौकशा करायची खोड. त्यामुळे पाटणकर जागे आणि मी त्यांच्या जागरणाच्या मागावर, अशी आमची जोडी होती.

*

पाटणकर सेक्शन कंट्रोलर. म्हणजे कानाला हेडफोन, पुढ्यात मोठा चार्ट, हातात पेन्सिल. स्टेशनमास्तर फोनवर गाडी आली, गाडी गेली असं कळवणार आणि हे चार्टवर तिची रेघ पुढे ओढणार. या कामाला ते लोक 'बोर्ड' म्हणतात. ड्युटी आज सकाळची, उद्या दुपारची, परवा रात्रीची. भुसावळला हेच काम करून पाटणकर ढाराढूर झोपायचे. लखनौला आले आणि वर्षभरात त्यांची झोप जी उडाली ती उडालीच.

एकदा भर दुपारी त्यांना एक मालगाडी सापडेना. एका स्टेशनला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला तर झापलंच. "अरे, मालगाड़ी है, सुई नहीं है! गई कहाँ?"

शेवटी एका जुन्या स्टेशनमास्तरने अगदी अदबीने सांगितलं, "सर, वह तो कल चली गई. आप ही ने तो निकलवाई थी!"

त्यांचे साहेब, तिवारीजी, मनाने चांगले होते. त्यांनी पाटणकरांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "पाटणकर जी, कल की गाड़ी ढूँढ़ रहे थे, कोई बात नहीं. किसी दिन आज की खो गई तो?" दोन महिने मुदत दिली. तेवढ्यात झोप ताळ्यावर आली तर ठीक, नाहीतर बोर्डावरून उतरून पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसायचं.

पगार तोच राहणार होता, पण पाटणकरांचा जीव बोर्डात. "कुलकर्णी, अठरा वर्षं गाड्या चालवल्या हो मी," ते मला म्हणाले. "आता काय 'आपके पत्र के संदर्भ में' लिहीत बसू?" मला फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्याच दिवसापासून सगळ्या मोहल्ल्याने मनावर घेतलं. पाटणकरवहिनी साताऱ्याकडच्या, त्यांचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावायचं एवढंच. गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारच्या मिश्राइन त्यांना सहज म्हणाल्या, "हमारे ये तो रोज़ घोड़े बेचकर सोते हैं."

वहिनी खाली आल्या त्या थेट आमच्याकडे. "भावजी, मिश्राजी सरकारी नोकरीत आहेत ना? मग हा घोड्यांचा धंदा चालतो का त्यांना?"

मी म्हटलं, "कसले घोडे?"

"अहो, रोज विकतात म्हणे! विकल्याशिवाय झोपत नाहीत. मी विचारलं, रोज कितने बेचते है? तर हसायलाच लागली. आकडा काही सांगितला नाही."

मराठी माणूस ढाराढूर झोपतो आणि इकडचा माणूस घोडे विकून झोपतो, हे वहिनींना समजवेपर्यंत माझी बायको हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. तेव्हापासून आमच्यात झोपेची चौकशी एकाच शब्दात व्हायची. सकाळी पाटणकर दिसले की जाधव समोरच्या दारातून ओरडायचे, "विकले का?"

पाटणकर मान हलवायचे. "गिऱ्हाईक नाही!"

*

जाधवांचं म्हणणं, झोप ही येत नसते, तिला बोलवायची असते. "फौजेत झोप हा हुकूम आहे. मी उभ्या ट्रकमध्ये झोपलोय, चालत्या ट्रकमध्ये झोपलोय. शिकवतो तुम्हाला."

रविवारी जेवण झाल्यावर पाटणकरांच्या बैठकीत शिकवणी सुरू झाली. जाधव स्वतः तख्तावर आडवे झाले. "आधी पाय सैल. मग हात. मग जबडा. मग मनात म्हणायचं, वि...श्राम!"

तो 'श्राम' पुरा व्हायच्या आत सुभेदारसाहेब घोरायला लागले. तेवढ्यात लाइट गेली. पाहुण्याला उकडेल म्हणून पाटणकर उशाशी बसून हातपंख्याने वारा घालू लागले.

जाधव संध्याकाळच्या चहाला उठले. आळस देत म्हणाले, "बघितलंत? एवढं सोपं असतं."

पाटणकर म्हणाले, "बघितलं ना. तीन तास बघितलं!"

*

मग कुणीतरी चौकातल्या एका हकीमसाहेबांचं नाव सांगितलं. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि निदान केलं ते असं: "दिमाग़ में ख़ुश्की है. सोने से पहले सिर पर रोग़न लगाइए. ख़ूब अच्छी तरह."

पाटणकर तावातावाने परत आले. "हा हकीम आहे की पेंटर? डोक्याला रोगण लाव म्हणतो! मी काय दरवाजा आहे?"

जाधवांनी पाटणकरांच्या टकलाकडे नीट बघितलं. "दोन हात पुरे होतील. पण आधी पॉलिश पेपर मारावा लागेल."

मला मात्र चैन पडेना. इतका नामांकित हकीम डोक्याला रोगण कशाला लावायला सांगेल? संध्याकाळी बाजारात जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की इकडे रोग़न म्हणजे तेल! मग बदामाचं रोग़न आलं, आठवडाभर चोळून झालं. उशीला छान चकाकी आली. पाटणकर होते तिथेच राहिले.

*

त्यांची मुलगी रेणू तेव्हा चौथीत होती. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. ती म्हणाली, "पापा, मालगाड़ी के डिब्बे गिनो न. नींद आ जाएगी."

पोरीची कल्पना पाटणकरांना पटली. डोळे मिटून पडले आणि मोजायला लागले. एक, दोन, दहा, वीस. वहिनी दारातून बघत होत्या. श्वास संथ व्हायला लागला होता म्हणे. तीस, एकतीस, बत्तीस...

आणि पाटणकर ताडकन उठून बसले. "थांबवा! बत्तिसाव्या वॅगनचा अ‍ॅक्सल गरम आहे!"

रेणू वैतागून म्हणाली, "पापा, आपसे तो सोना भी ड्यूटी जैसे होता है."

*

महिना असा गेला. मग एक दिवस पाटणकरांची स्कूटर बंद पडली आणि नाइट ड्युटी संपवून सकाळी ते चारबाग स्टेशनहून टांग्याने निघाले. टांगेवाला रहमतचाचा, आमच्याच तेलीबागेचा. त्याच्या घोडीचं नाव शहज़ादी. वयाने झाली होती, पण चाल अगदी नावासारखी. घाई तिला माहीतच नव्हती.

नऊ वाजले, दहा वाजले, पाटणकर येईनात. वहिनी रडवेल्या झाल्या. मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो तर समोरून टांगा आला, आमच्या घरावरून टपटप करत तसाच पुढे गेला! मागच्या सीटवर पाटणकर मान टाकून गाढ झोपलेले. मी धावत जाऊन घोडीचा लगाम धरला.

रहमतचाचाने तोंडावर बोट ठेवलं. "आहिस्ता, बाबूजी. साहब की आँख लग गई थी, तो हमने दो चक्कर और लगा दिए."

त्या दिवशी वहिनींनी शहज़ादीला गूळ खाऊ घातला. पाटणकरांनी स्कूटर दुरुस्तच केली नाही. रोज टांगा, रोज दीड-दोन तास झोप. टांग्यात लागलेली झोप हळूहळू घरातही येऊ लागली. जाधव विचारायचे, "विकले का?" आणि पाटणकर ताठ मानेने सांगायचे, "सगळेच्या सगळे!"

*

आता मला प्रश्न पडला, की झोप येते ती नेमकी कशाने? डुलण्याने म्हणावं, तर त्यांच्या घरातल्या झोपाळ्यावर पाटणकरांना मळमळतं. वाऱ्याने म्हणावं, तर गच्चीवर वारा काय कमी होता? उरला टापांचा आवाज. मी माझा टेपरेकॉर्डर घेतला, जाधवांना बरोबर घेतलं आणि टांग्यात बसून अर्ध्या तासाची कॅसेट भरली. प्रयोग शास्त्रीय हवा म्हणून पाटणकरांना काही सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते आडवे झाल्यावर शेजारच्या खोलीतून हळूच लावली.

टप टप, टप टप. पाच मिनिटांत पाटणकरांचे डोळे मिटले. मी वहिनींकडे विजयी मुद्रेने बघितलं. आणि कॅसेटमधून परेड ग्राउंडवरच्या आवाजात जाधव गरजले, "कुलकर्णी! रेकॉर्ड होतंय का?"

पाटणकर अंथरुणात उभे राहिले!

*

मुदत संपायला दहा-बारा दिवस राहिले होते, आणि टांगा यायचा बंद झाला. रस्त्यावर विक्रम नावाचे तीनचाकी टेम्पो धावायला लागून बरीच वर्षं झाली होती. टांग्यात बसायला कुणाला वेळ नव्हता. रहमतचाचाचा मुलगाही विक्रम चालवायला लागला होता. त्याच्या हट्टाने शहज़ादी चिनहटच्या एका वरातवाल्याला विकली. टांगा मात्र कुणी घेईना, तो अंगणात तसाच पडून राहिला.

पाटणकर आणि मी चाचाला भेटायला गेलो. त्याचे डोळे लाल झाले होते. पाटणकरांचेही तसेच, चार दिवसांत त्यांची झोप पुन्हा गेली होती.

मग चाचा म्हणाला, "लोग कहते हैं, साहब, घोड़ा बेचो और सो जाओ. हमने तो सचमुच बेच दिया. उसी दिन से पलक नहीं झपकी."

ही म्हण मी किती वेळा हसत हसत वापरली होती, आणि आता मान वर करून त्याच्याकडे बघवेना. त्यानंतर पाटणकर रोज दुपारी "चाचांकडे बसून येतो" म्हणून जायला लागले. काय करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बसतो."

*

मुदतीच्या शेवटच्या रविवारी दुपारी तिवारीजी स्वतःच तेलीबागेत हजर! खिशात पत्रव्यवहाराच्या टेबलाची ऑर्डर होती. म्हणाले, "सोचा, साइन करने से पहले एक बार घर पर देख लूँ. आदमी सोता है कि नहीं."

पाटणकर घरात नव्हते. तिवारीजींपुढे चहा ठेवून वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, चाचांकडे असतील. घेऊन या ना लवकर." मी उठलो तर तिवारीजीही उठले. "चलिए, मैं भी चलता हूँ."

रहमतचाचाच्या गल्लीत शिरलो तर आतून आवाज येत होता. टप टप, टप टप. मी चमकलो. शहज़ादी परत आली की काय?

अंगणात घोडी नव्हती. टांगा होता, त्याचे दांडे विटांच्या थप्पीवर टेकवलेले. पुढच्या सीटवर रहमतचाचा, हातात लगाम, हनुवटी छातीवर. मागच्या सीटवर पाटणकर, मान एका बाजूला, तोंड उघडं. दोघंही घोरत होते. लगामाचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं.

ओसरीवर चाचाची बायको खलबत्ता घेऊन बसली होती आणि एका लयीत बत्ता घालत होती. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. खलात काहीच नव्हतं.

तिवारीजींनी खिशातली ऑर्डर काढली, तिच्या चार घड्या केल्या आणि पुन्हा खिशात घातली. पायातले बूट वाजू नयेत म्हणून चवड्यावर चालत ओसरीपाशी आले आणि कुजबुजत विचारलं, "कब से सो रहे हैं?"

म्हातारीने हात थांबवला नाही.

"दो घंटे हो गए, साहब. घोड़ा बेचकर सोए हैं."