माहेरच्या कार्डावरचं नाव

“माझा तम्मा हाय की.”

असं म्हणताना अक्का मान किंचित वर करून दक्षिणेकडे बघायची. आमच्या गल्लीतून दक्षिणेला पाण्याची टाकी आणि तिच्यामागे यंत्रमागाच्या शेडचा पत्रा एवढंच दिसतं. अक्काला मात्र त्यापलीकडचं सगळं दिसत असावं: मैंदर्गी, मग राज्याची सीमा, मग तिचं गाव, आणि त्या गावात तिचा धाकटा भाऊ. कन्नडमध्ये धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. कुणाला मुलीसाठी स्थळ हवं असलं, कुणाला चांगल्या शेंगा हव्या असल्या, तर अक्काचं उत्तर ठरलेलं. एकदा दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, तेव्हाही ती तेच म्हणाली. माझी आई म्हणाली, “म्हंजी काय, तम्मा टँकर घिऊन येनार हाय व्हय?” त्यावर सगळ्यांत जास्त अक्काच हसली.

तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल, जिचं माहेर तुम्ही कधी पाहिलेलं नसतं, पण तिथल्या चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं तुम्हाला पाठ असतं. आमची अक्का तशी होती. होती म्हणजे ती आहे, जिवंत आहे. पण आता इथे नाही. ती इथे का नाही, हे मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, तरी सांगून बघते.

आम्ही भवानी पेठेत राहतो. आई विड्या वळते, वडील आणि अक्काचा नवरा एकाच टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून तिच्या नवऱ्याला मी दाजी म्हणायची. अक्का घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची आणि शिवताना कन्नडमध्ये मशीनशी बोलायची. दोरा तुटला की मशीनला शिव्या, शिवण सरळ आली की त्याच मशीनची समजूत. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. आईला सुरुवातीला हे नाव अजिबात आवडलं नव्हतं. “घरात आदीच काय कमी हाय, त्यात पोरीला तंगी म्हनू नगा,” असं तिने सांगून पाहिलं. अक्काने ऐकलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे गल्लीतले सगळे कागद माझ्याकडे येतात. यातलं निम्मं मलाही कळत नाही, पण तसं म्हणायला जीभ रेटत नाही. मी रात्री जागून मोबाईलवर वाचते आणि सकाळी आधीपासून माहीत असल्यासारखं सांगते.

दर वर्षी नागपंचमीला अक्का माहेरी जायची आणि चार दिवसांनी परत यायची, ती तांदळाचं पोतं घेऊन. दाजी ते स्टँडवरून रिक्षाने आणायचे. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला तिचा लिंबू पिळलेला पिवळा भात. वाढताना ती पुनःपुन्हा सांगायची, तम्मा मला मोटरसायकलवर बसवून सगळ्या गावातून नेतो, ऑफिसात साहेबासमोर खुर्चीवर बसवतो, तिथे माझा अंगठा घेतात, साहेब विचारतो बरी आहेस का म्हणून. सासरी गेलेल्या लेकीला एवढा मान आमच्याकडेच, असं तिचं म्हणणं. आम्ही भात खात ऐकत असू. तिच्या भागात ज्वारी आणि तूर पिकते, भात पिकत नाही, हे मी भूगोलाच्या पेपरात लिहिलं होतं. तरी मला एकदाही प्रश्न पडला नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्काला जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसावं लागायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, नंतर जन्मभर गोळ्या. योजनेत बसलात तर दोन्ही फुकट. दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवर मी दाजींचं रेशनकार्ड दिलं. मुलीने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, यात पेशंटचं नाव कुठे आहे?

कार्डावर दाजी होते, दोन्ही मुलं होती, अक्का नव्हती. पोरांची नावं जन्मदाखल्यावर लागली होती. अक्काचं नाव मात्र लग्नाआधीपासून तिच्या वडिलांच्या कार्डावर, तिकडे. तिकडचं नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय ते इकडे लागत नाही. पंधरा वर्षं तो दाखला आणायचा राहून गेला होता. दाजी त्या मुलीला शांतपणे म्हणाले, “म्हंजी ह्या कार्डाच्या हिशोबानं पोरं माज्याच पोटची म्हनायची.” ती हसली. आम्हीही हसलो. काम महिन्याभराचं आहे असंच आम्हाला वाटत होतं.

अक्काने भावाला फोन लावला. तो करतो म्हणाला. आठवड्याने पुन्हा लावला, तेव्हा तलाठी रजेवर होता. मग ऑफिसातलं मशीन बंद होतं, मग वडिलांच्या नावाची काहीतरी अडचण होती. मला राग यायला लागला, तो सरकारी माणसांचा. मी दोन अर्ज लिहून पाठवले. अक्का म्हणायची, तम्मा धावपळ करतोय, त्याला बोलू नको. तोवर महिन्याच्या गोळ्या दाजी बाहेरून आणत होते, आणि त्या जास्त दिवस पुराव्यात म्हणून अक्का आम्हाला न सांगता एक दिवसाआड घेत होती. हे मला तिच्या धाकट्याकडून कळलं. त्या दिवशी मी ठरवलं, आपण स्वतः जायचं.

गाव मैंदर्गीपासून जीपने पाऊण तासावर. भाऊ वेशीपर्यंत आला होता. पस्तिशीचा, बारीक, अक्कासारखाच हसणारा. त्याने बहिणीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिच्या चालीने हळूहळू चालत राहिला. भावजयीने होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या. शेंगाचटणी, त्यावर तूप. अक्काची ओटी भरली, मलाही खण दिला. मला वाटलं, आपण उगाच संशय घेत होतो. नंतर तो म्हणाला, आज ऑफिस बंद आहे, तुम्ही आराम करा, आणि शेताकडे गेला.

मी अक्काला म्हटलं, बंद का असेना, दार तरी बघून येऊ. ऑफिस उघडं होतं.

तिथला माणूस अक्काला ओळखत होता. तिला बघून त्याने खरोखरच खुर्ची पुढे केली. माझं मराठी त्याला थोडंफार समजत होतं. नाव कमी करायचंय म्हटल्यावर तो गोंधळला. नाव कमी कसं करणार, म्हणाला, ही तर इथेच राहते ना? त्याने कपाटातून एक फाईल काढून टेबलावर ठेवली. कागद कन्नडमध्ये होते.

गल्लीतले सगळे कागद वाचणारी मी तिथे अडाणी झाले. अक्का माहेरी चौथीपर्यंत शिकली होती. तिने कागद जवळ ओढला, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचायला लागली. एका ओळीवर बोट थांबलं. ती ओळ तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“काय लिहिलंय अक्का?”

“लिवलंय,” ती म्हणाली, “नवऱ्यानं टाकलीया. भावाजवळ ऱ्हाती.”

बाकीचं त्या माणसाने सांगितलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तिकडे महिन्याला थोडी मदत मिळते. त्यासाठी ती बाई वर्षातून एकदा समोर हजर लागते. हजेरी पंचमीच्या आठवड्यात, खुर्चीवर बसून, साहेबांच्या साक्षीने होत होती. पासबुक भावाकडे होतं. कार्डावरच्या तिच्या वाट्याचा तांदूळ दर महिन्याला उचलला जात होता, आणि त्यातलंच एक पोतं वर्षाकाठी आमच्या गल्लीला येत होतं. अक्काने त्या माणसाला विचारलं, हे किती वर्षांपासून. तो म्हणाला, नऊ.

घरी गेलो तेव्हा भाऊ आला होता. आम्ही कुठे होतो ते त्याला आमच्याकडे बघून कळलं असणार. तो जमिनीवर बसला. अक्का बाजेवर बसली होती. मला वाटलं आता ती ओरडेल. तिने मराठीत विचारलं, कदाचित मला कळावं म्हणून, “तुज्या दाजीनं मला कवा टाकलं रं?”

“कागदावरच की अक्का. खरं कुटं हाय?”

“आन् अंगठा?”

भावजय आत भांडी हलवत राहिली. मग तो हळूहळू बोलायला लागला, निम्मं कन्नडमध्ये. नाव काढायचं तर आधी कागद खोटा म्हणून लिहून द्यावं लागेल. मग चौकशी. चौकशीत तो अडकेल, आणि अंगठा तिचा असल्यामुळे तीही. आणि मग त्याने जे सुचवलं ते तो इतक्या मायेने बोलला, की मला आजही त्याचा नीट राग करता येत नाही. म्हणाला, ऑपरेशन इकडेच करू. इकडे तुझं कार्ड आहे. तिकडे तू कुणीच नाहीस. इकडे सगळं फुकट होईल.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीकडे तोंड करून बसली. मैंदर्गी गेल्यावर तिने मला एवढंच विचारलं, तो म्हणतो ते होईल का. मी मोबाईलवर शोधलं. तिकडच्या योजनेत तिचं नाव होतं, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात ते ऑपरेशन होत होतं, पुढच्या गोळ्याही होत्या. इकडे सगळं नव्याने करायचं म्हटलं तर किती महिने लागतील हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, होईल. आयुष्यात मी दिलेलं एवढं बरोबर उत्तर दुसरं नसेल. पण मला ते द्यायला नको होतं.

दाजींना सगळं मीच सांगितलं. त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, नऊ वर्षं तिकडे मी बायको टाकलेला माणूस आहे, आणि पंचमीला जावई म्हणून मलाच टोपी-टॉवेल पाठवत होते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजेचा अर्ज दिला.

ऑपरेशन झालं. कागदांवर पालक म्हणून भावाने सही केली. दाजी बारा दिवस दवाखान्याच्या पायरीवर होते. नर्सने हे कोण विचारलं, तेव्हा भावाने सांगितलं, गल्लीतले आहेत, मदतीला आलेत. दाजींनी मान हलवली.

आम्ही समजत होतो की महिन्याभराने अक्का परत येईल. पण दर महिन्याला रक्ताची तपासणी, मग त्याप्रमाणे गोळ्या, आणि त्या फक्त तिकडच्या दवाखान्यात, कार्ड आणि अंगठा दाखवून. नवऱ्याने टाकलेली बाई गावात दिसत नाही म्हणून कुणीतरी तोंडी तक्रारही केली होती. त्यामुळे ती आता भावाकडे राहते. त्याच्याच घरात, भावजयीच्या हाताखाली, त्याच्या पोरीच्या शाळेचं बघत. जे खोटं होतं ते आता बऱ्यापैकी खरं झालं आहे. मी तिला फोनवर एकदा चिडून म्हटलं, तुम्ही त्याला एक शब्द कसा बोलला नाहीत? ती म्हणाली, “बोलून कुटं जाऊ तंगी? गोळ्या तितंच हायत.”

मला त्या उत्तराचा राग आला होता. माझी फसवणूक झाली असं मला वाटलं, तिच्याकडूनसुद्धा. मी दीड महिना फोन केला नाही. याची मला लाज वाटते.

दाजी गावात जाऊ शकत नाहीत. टाकलेल्या बायकोला भेटायला नवरा येतो हे दिसलं तर पुन्हा चौकशी. म्हणून ते दोघं महिन्यातून एकदा मैंदर्गीच्या स्टँडवर भेटतात, बाजाराच्या दिवशी, गर्दीत. मागच्या खेपेला दाजींनी मला बरोबर नेलं.

अक्का आधीच येऊन बाकावर बसली होती. वजन भरलं होतं, चेहरा चांगला दिसत होता. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, फोनचं काही काढलं नाही. दाजींनी मुलांच्या परीक्षांचं सांगितलं, धाकट्याचे गुण सांगताना पाच वाढवून सांगितले. ती म्हणाली, खोटं बोलू नका, मला त्याने फोनवर सांगितलेत. दोघंही हसले. मग बराच वेळ दोघं नुसतेच शेजारी बसून राहिले, मध्ये पिशवी ठेवून.

तेवढ्यात समोरून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आली. अक्काच्याच गावची असावी. अक्काने पदर ओढला आणि बाकाच्या टोकाला सरकली. बाईने पाटी सावरत, दाजींकडे बघत कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. अक्काने तिच्याकडे न बघता दोनचार शब्दांत उत्तर दिलं.

दाजी उठले. चौकशीच्या खिडकीशी गेले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अक्कलकोटची गाडी कधी आहे विचारलं. गाडी आमच्या समोरच उभी होती. मग ते आमच्याकडे न येता सरळ तिच्यात चढले. मीही मागोमाग गेले. अक्का त्या बाईबरोबर बाजाराच्या बाजूला चालू लागली होती.

पंधरा वर्षांच्या संसारात दाजींना तिची भाषा चांगली कळायला लागली आहे. गाडी गावाबाहेर पडल्यावर मी विचारलं, अक्का त्या बाईला काय म्हणाल्या?

“कोन की,” दाजी म्हणाले, “गाडीचं इचारत हुता, म्हनली.”