अंगठा उमटला नाही

मुकुंदवाडी स्टेशनाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी रत्नमाला सात वर्षं सिमकार्ड विकत बसली. छत्री कंपनीची, टेबल स्वतःचं, आणि जीभ तर खास स्वतःची. कुणाचं रिचार्ज पडलं नाही, कुणाचे विनाकारण पैसे कापले गेले, की माणसं कंपनीला फोन लावण्याआधी रत्नमालाकडं यायची. कंपनीचा फोन एक दाबा, दोन दाबा करत माणसाचा जीव काढतो. रत्नमाला कंपनीला दोन शिव्या हासडायची आणि काम उरकून द्यायची. "तोंडी भांडायचं नाय," ती सगळ्यांना शिकवायची. "लिहून द्यायचं आन् तक्रारीचा नंबर घेतल्याबिगर हलायचं नाय." ही बाई लोकांना फसवते असं कुणी म्हणालं असतं, तर मुकुंदवाडीनं त्यालाच चोप दिला असता.

पण ती फसवत होती.

युक्ती अभय सरांची. हे सर शाळेतले नव्हेत. कंपनीची सिमकार्डं खालच्या छत्र्यांपर्यंत पोचवणारा हा एजंट. महिनाअखेर आली की त्यांचं टार्गेट, टार्गेट चालू व्हायचं, आणि ते भरलं नाही तर छत्री दुसऱ्याच्या डोक्यावर. युक्ती अगदी सोपी होती. गिऱ्हाईक एका सिमसाठी आलं की मशीनवर अंगठा घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "उमटला नाय. पुन्हा द्या." दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघायचं, त्याच गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या डोळ्यांदेखत. ती सिमं संध्याकाळी सर पाकिटात घालून न्यायचे. कुठं, ते रत्नमालानं कधी विचारलं नाही. एका सिममागं तिला चाळीस रुपये मिळायचे.

शिकलेली माणसं दुसऱ्यांदा अंगठा देताना कुरकुर करायची. धुणीभांडी करणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणाऱ्या बाया मात्र कधीच नाही. कष्टाच्या माणसाचा आपल्या अंगठ्यावर भरवसाच नसतो. त्या लगेच अंगठा पदराला पुसायच्या, जिभेनं ओला करायच्या आणि वर माफी मागायच्या. म्हणून रत्नमाला नेमकी अशाच बायांना धरायची. यातली लाज तिला तेव्हाही कळत होती. एवढी ती बावळट नव्हती. महिनाअखेर झाली की बघू, असं ती मनाला सांगायची आणि महिनाअखेर दर महिन्याला यायची.

अशाच एका महिनाअखेरीला केसरबाई आली.

केसरबाई बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करते. मुकुंदवाडीपासून चिकलठाण्यापर्यंत अर्धी पोरं तिच्या पायांवर न्हायलेली. नऊ वर्षांमागं रत्नमालाला अमृता झाली तेव्हा माहेरचं कुणी नव्हतं. केसरबाई दोन महिने रोज पहाटे आली. लेकीची टाळू तिनं अंगठ्यानं तेल जिरवत भरली आणि पैशाचं नाव काढल्यावर म्हणाली, "आपल्याच वस्तीतली पोर तू. गप बस." शेवटी कशीबशी एक साडी घेतली.

त्या केसरबाईचं जुनं सिम खराब झालं होतं. तोच नंबर नव्या सिमवर हवा होता. "जय भीम रत्ना," म्हणत ती स्टुलावर टेकली. रत्नमालानं अंगठा घेतला. सिम निघालं. टार्गेटला एकच सिम कमी होतं. समोरचं माणूस कोण आहे हे पाहण्याआधी सवयीची जीभ बोलून गेली, असं रत्नमाला पुढं स्वतःला सांगायची, पण ते खोटं होतं. तिनं नीट पाहिलं होतं.

"उमटला नाय मावशे. पुन्हा दे."

"तेलात मुरलेला अंगठा हाय बाई, कसा उमटंल?" केसरबाई ओशाळली आणि अंगठा पदराला खसाखसा पुसू लागली.

आठ महिन्यांनी ती परत आली ती एक कागद घेऊन. तिचा फोन बंद पडला होता. तिच्या नावावर दुसरा एक पोस्टपेड नंबर होता, तो कुणी भलताच वापरत होता, आणि त्याचं सहा हजारांचं बिल थकलं होतं. ते भरेपर्यंत हाही नंबर बंद. केसरबाईचं सगळं काम त्या नंबरावर. पोर झालं की घरचे लोक त्यावरच फोन करायचे. नंबर लागेना, तशा दोन बाळंतिणी दुसरीकडं गेल्या होत्या.

"तुला यातलं लई कळतं," केसरबाई म्हणाली. "माझ्यासंगं चल."

नाही म्हणायला रत्नमालाला तोंड नव्हतं. कंपनीच्या जालना रोडवरच्या ऑफिसात काउंटरवर सायली नावाची मुलगी होती. तिनं कॉम्प्युटरात पाहून सांगितलं, "आजी, दोन्ही सिमं एकाच दिवशी निघालीत. तीन मिनिटांच्या फरकानं. दोन्हीवर अंगठा तुमचाच आहे."

"व्हय, दोनदा दिला मी. पहिला उमटलाच नव्हता. हिला इचारा ना, हीच व्हती तिथं." केसरबाईनं रत्नमालाला दंडाला धरून पुढं केलं. "सांग की गं."

एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम. पण लोकांना तक्रारी लिहायला शिकवणारी ती बाई काउंटरवरच्या पेनाकडं बघत म्हणाली, "लई दिवस झाले. मला नाय आठवत."

सायली म्हणाली, "अंगठा फसवून घेतला असेल तर लेखी तक्रार द्या. आम्ही ऐकलं नाही तर पुढं ग्राहक आयोग आहे. पण कुणी फसवलं ते लिहावं लागेल."

"कुणाचं नाव लिहू?" केसरबाई म्हणाली. "अंगठा तर माझाच हाय. भरीन मी हप्त्यानं."

परतताना रिक्षाचे पैसे केसरबाईनंच दिले. वर रत्नमालाची समजूत घातली, "रोज धा मानसं येतेत तुझ्याकडं. तुला तरी कसं ध्यानात ऱ्हाईल?" रत्नमालाला वाटलं, हिनं आपल्या दोन थोबाडीत द्याव्यात. घरी अमृता वेणी घालून घ्यायला पुढ्यात बसली. रत्नमालानं तिच्या केसांत हात घातला आणि काढून घेतला. "आज तुझी तू घाल," एवढंच ती म्हणाली. पोटच्या पोरीच्या डोक्याला हात लावायची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती. सायलीसमोर तिनं सगळं लिहून दिलं: आपलं नाव, तारीख, अंगठा दोनदा कसा घेतला ते, अभय सरांचं नाव आणि पाकिटं. सायलीनं कागद दोनदा वाचला. "तुमचा सिम विकायचा आयडी आजच बंद होईल. पोलिसांतही जाईल कदाचित."

"जाऊ द्या."

"याच कागदावर खाली तक्रारदार म्हणून आजींची सही आणा. मग तो नंबर आणि त्याचं बिल त्यांच्या नावावरनं काढतो. त्यांचा फोन संध्याकाळपर्यंत सुरू होईल."

म्हणजे जायला हवंच होतं. परस्पर सगळं निस्तरून केसरबाईला काहीच कळू द्यायचं नाही, अशी एक चोरटी आशा रत्नमाला मनात धरून होती. ती तिथंच संपली.

केसरबाई दारात तांदूळ निवडत होती. रत्नमाला तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि कागद वाचू लागली. 'सदर महिलेचा अंगठा व्यवस्थित उमटला असताना', इथं ती अडली. ते वाक्य तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. केसरबाईचा हात सुपातच थांबला होता.

वाचून झाल्यावर केसरबाईनं कागद मागितला. प्रौढ वर्गात शिकलेली सही एकेक अक्षर दाबून केली आणि कागद परत दिला.

"मावशे, काहीतरी बोल. शिव्या दे."

"त्या दिवशी उमटला व्हता म्हण की माझा अंगठा."

"व्हय."

केसरबाईनं सूप बाजूला सारलं. "तुझ्याकडनं घरी आले आन् पाय घासायची वजरी घेऊन ह्यो अंगठा घासला मी. रगत येईस्तोवर घासला. धा दिवस लेकरू हातात धरता आलं नाय. म्हणलं, आपल्यापायी पोरीला उगं दोनदा तरास झाला."