बाळ थेंब चाटतं तोवर

इंजेक्शनचे किस्से होत नाहीत. सुई टोचली की बाळ टाहो फोडतं, आईचे डोळे भरतात, बाप छताकडे बघतो आणि सगळे लवकरात लवकर घर गाठतात. रोटाव्हायरसचा डोस मात्र तोंडातून देतात आणि तो चवीला गोडसर असतो. बाळ गप्प होऊन मिटक्या मारत बसतं. तेवढ्यात मोठ्यांना बोलायला उसंत मिळते आणि उसंत मिळाली की प्रश्न पडतात. माझ्याकडचे निम्मे किस्से त्या उसंतीत जमलेत.

माझा लहान मुलांचा दवाखाना बाग सेवनियात आहे. मी मूळची ग्वाल्हेरची, लग्न होऊन भोपाळला आले. वंदना सिस्टर पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. शनिवारी शिवाजी नगरला एका मैत्रिणीच्या क्वार्टरवर आम्हा चौघींचा चहा असतो. तिथं मला कुणी तब्येत विचारत नाही. "या आठवड्यात काय विचारलं गं लोकांनी?" एवढंच विचारतात.

तर ऐका.

*

पराग गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मुलगा दीड महिन्याचा झाला तेव्हा पहिल्या डोसला घेऊन आला. मी सांगितलं की रोटाव्हायरस नावाचा विषाणू असतो, त्यानं तान्ह्या मुलांना उलट्या-जुलाब होतात, अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं, आणि हे थेंब त्याच्यासाठी आहेत. त्यानं विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, तोच विषाणू, पण कमजोर केलेला. जिवंत.

त्यानं बाळ जरा मागे ओढलं. आपल्याच हातानं रोग पाजायचा, हे त्याला पटेना. पोटातल्या ॲसिडमधून तो जिवंत खाली पोचतो कसा, आतड्याला कळतं कसं, एवढ्याशा मालात काम होतं कसं, एकामागून एक विचारत राहिला. मला असे लोक आवडतात. बाहेर बरीच गर्दी होती तरी मी सगळं सांगितलं.

शेवटी तो म्हणाला, "म्हणजे ही ट्रायल रन आहे. कमी लोडवर मशीन चालवून बघायचं, म्हणजे फुल लोड आला तरी बंद पडणार नाही."

इतकी वर्षं मी लोकांना सैनिक, शत्रू, पहारा असलं काहीतरी समजावत होते. त्या दिवसापासून ट्रायल रनच सांगते. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांतल्या लोकांना तर एका वाक्यात समजतं.

*

उज्जैनच्या एक आजी नातीला घेऊन आल्या. त्यांचा आक्षेप वेगळा होता. त्यांच्या घरी तान्ह्या बाळाला घुट्टी, म्हणजे आपली बाळगुटी, देतात. मी घुट्टी बंद करायला सांगितली आणि वर स्वतः बाटलीतलं काहीतरी बाळाच्या तोंडात घातलं. हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, आजी, हे कुठून आलं ते सांगते. या आजाराच्या लशींपैकी एकीचा विषाणू आपल्याच देशात, दवाखान्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळांत सापडला. बाळांना त्याची लागण झाली होती, पण ती आजारी पडली नव्हती. डॉक्टर लोकांना कुतूहल वाटलं, असं कसं? शोध घेतला तर विषाणू माणसाचाच निघाला, पण त्यात गुरांच्या विषाणूचा एक लहानसा तुकडा येऊन मिसळला होता.

आजी खुर्चीत पुढे सरकल्या. "गुरांचा म्हणजे गाईचा?"

"हो, गाईगुरांचा."

त्यांनी नातीच्या मिटक्यांकडे बघितलं. मग सुनेला म्हणाल्या, "मग आज चतुर्थी आहे म्हणून घाबरू नकोस. चालतं हे."

सून घाबरलेली नव्हतीच. घुट्टी मात्र खरोखर बंद झाली, असं तिनं पुढच्या खेपेला सांगितलं.

*

एक जोडपं जुळ्या मुलांना घेऊन आलं. दोघांना एकसारखी झबली, एकसारख्या टोप्या. सिस्टरनी एकाला डोस दिला, तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी मूल पायरीवरून पडलं म्हणून त्या धावल्या. परत येईपर्यंत आईनं आणि मावशीनं बाळं अदलाबदल करून घेतली होती, आणि डोस कुणाचा झाला ते दोघींनाही सांगता येईना.

बाप म्हणाला, सोपं आहे. ज्यानं चव घेतलीय तो पुन्हा तोंड उघडेल. सिस्टरनी रिकामा चमचा दोघांपुढे धरला. दोघांनीही तोंड उघडलं.

मग सिस्टरनी हात धुतले आणि दोघांच्या हनुवटीला बोट लावून पाहिलं. एक हनुवटी चिकट निघाली. आईनं तिथल्या तिथे ओढणीचा दोरा काढून त्याच्या मनगटाला बांधला. बाप पुटपुटला, माझी आयडियाही काही वाईट नव्हती.

*

हा पुढचा किस्सा मी चहाच्या वेळी एकदाच सांगितला. त्यावर कुणी हसलं नाही.

केतकी आणि तिचा नवरा पुण्याचे. त्याची बदली होऊन ते इथं आले. घर असं लख्ख की जाताना आपण चप्पल पिशवीत घालून न्यावी. त्यांची मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा वर्षाची होऊन गेली होती. बाकी लसी झालेल्या होत्या, रोटाव्हायरसची नव्हती. बदलीच्या गडबडीत पहिला डोस राहिला, आणि नंतर नवरा म्हणाला की आपण आरओचं पाणी पितो, बाहेरचं काही देत नाही, आपल्याला काय करायचंय? मी सांगितलं की ही लस सुरू करायची वेळ आता गेली. हा विषाणू फक्त पाण्यातून येत नाही, हातांवरून, खेळण्यांवरून येतो, तेव्हा लक्ष ठेवा. तो हसून हो म्हणाला.

थंडीत एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच दोघं पायरीवर उभी होती. मुलीला आदल्या दिवसापासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. ओआरएस पाजलं की बाहेर. मी तिला घेतलं तर मान खांद्यावर टाकलेली, डोळे आत गेलेले. रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. डायपर कधीपासून कोरा आहे, ते केतकीला आठवेना.

मी मोठ्या दवाखान्यात फोन केला आणि माझ्याच गाडीतून त्यांना घेऊन गेले. सलाईनला शीर सापडत नव्हती. सिस्टर लोक एका हातावर, दुसऱ्या हातावर, पायावर शोधत होते. केतकीचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. शीर सापडली तेव्हा मुलगी सुई टोचल्याबद्दल जोरात रडली, आणि त्या आवाजानं तो भिंतीपासून वळून तिच्याजवळ आला.

मुलगी बरी झाली. तपासणीत रोटाव्हायरसच निघाला. घरी सोडताना केतकीनं मला विचारलं, "पण आला कुठून?" तिनं घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक खेळणं आठवून पाहिलं होतं. मी म्हटलं, कळणार नाही. उद्यानातल्या झोपाळ्याची दांडी असेल, लिफ्टचं बटण असेल, कुणी लाडानं धरलेला हात असेल. स्वच्छता ठेवायचीच, पण तिला हा विषाणू पुरता जुमानत नाही.

ती म्हणाली, "इतका लहान असतो आणि इतका हट्टी?" तिचा सूर तक्रारीचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पुढे त्यांना मुलगा झाला. त्याच्या पहिल्या डोसच्या दिवशी केतकीचा नवरा रजा टाकून आला. थेंब संपेपर्यंत बाळाच्या गळ्याकडे बघत राहिला, प्रत्येक घोट खाली उतरतोय ना, ते पाहत.

*

परागचं पुढचं राहिलंच. त्याचा मुलगा दहा महिन्यांचा असताना तो तणतणत आला. तिन्ही डोस वेळेवर झाले होते, तरी मुलाला जुलाब झाले होते. त्याच्या भाषेत हे फेल्युअर होतं आणि त्याला कारण हवं होतं.

मुलगा माझ्या टेबलावर बसून स्टेथोस्कोप चावत होता. दोन-तीनदा पातळ झालं होतं, बाकी पठ्ठ्या मजेत. मी म्हटलं, पोट बिघडवणारे जंतू पुष्कळ आहेत. ही लस त्यातल्या एकासाठी आहे. तान्ह्यांना फार जड जाणारा म्हणून त्याच्यासाठी. आणि तो आलाच, तर बहुतेक वेळा असा हलका होऊन जातो. ओआरएस द्या, झिंक देते, जेवण बंद करू नका.

त्याचं समाधान होईना. तेव्हा त्याची बायको पहिल्यांदाच बोलली. शांतपणे म्हणाली, "एका मशीनचा बेल्ट बदलला, की तुमच्या कारखान्यात बाकीची मशीनं कधीच बंद पडत नाहीत का?"

परागनं झिंकची चिठ्ठी घेतली आणि मुलाच्या तोंडातून माझा स्टेथोस्कोप सोडवला.

*

सुमनताई गेल्या उन्हाळ्यात आल्या. साठीच्या असाव्यात. बरोबर सून आणि तिचं बाळ. बाळाला मांडीवर सुमनताईंनीच घेतलं होतं. सिस्टर थेंब देऊ लागल्या आणि सुमनताईंनी विचारलं, हे कशासाठी? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे आमच्या वेळी होतं का? मी म्हटलं, नव्हतं. सरकारी दवाखान्यात तर आत्ताआत्ता मिळायला लागलं.

मग त्यांनी विचारलं, असा आजार आईच्या दुधातून येतो का? मी म्हटलं, नाही, उलट दूध चालूच ठेवायचं. उन्हात नेल्यानं? नाही. बाळ चाटतच होतं.

"आणि आईनं आंबा खाल्ला असेल तर?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मीही हातातलं काम ठेवलं. सुमनताई बाळाचं तोंड पुसत पुसत सांगू लागल्या. सुनेच्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. अंगावर पिता होता. उन्हाळ्यात त्याला उलट्या-जुलाब लागले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आदल्या दिवशी त्यांनी आंबा खाल्ला होता. सासूबाई म्हणाल्या, आईचा आंबा बाळाला बाधला. मग सगळेच तसं म्हणायला लागले.

सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की सासूबाई आंबा खात नाहीत. आवडत नसेल, असं ती धरून चालली होती.

मी म्हटलं, "ताई, त्या वेळी नेमका कुठला जंतू होता ते आज मी सांगू शकत नाही. याच आजाराचा असेल, दुसऱ्या कशाचा असेल. पण आईनं आंबा खाल्ला म्हणून बाळाला असं होत नाही. नाहीच होत."

त्यांनी मान हलवली. थेंब संपले, मग सुया झाल्या, बाळ रडलं, सुनेनं त्याला घेतलं. सुमनताईंनी पिशवीतून फोन काढला आणि माझ्यासमोरच घरी लावला. त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"अहो, ऐका. डॉक्टरीणबाई म्हणतात, आंब्यानं होत नाही ते."

पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "मी कुठं तुला कधी काही म्हटलं होतं?"

"नाही," सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं."

त्यांनी फोन बंद करून पिशवीत ठेवला, पदर सारखा केला आणि सुनेला विचारलं, "कोपऱ्यावर ती हातगाडी उभी होती ना गं मघाशी, आंब्यांची?"