झाकणं बदलली आणि नात अडकली

मंडळी, बोलतेय मी, टाइप करतेय माझी नात रश्मी, तोंड वाकडं करून.

डिसेंबरात हिची जपानीची तिसऱ्या लेव्हलची परीक्षा आहे. मागल्या वर्षी नापास झाली. बदलापुरात क्लास नाही, म्हणून घरीच अभ्यास. डब्यांच्या झाकणांवर जपानी शब्द चिकटवलेत, आतून अर्थ. रोज घडाघडा म्हणते.

आज मी डबे घासले आणि झाकणं इकडची तिकडे लागली. हिने रव्याच्या डब्याकडे बघून ठोकलं, "वचन!" आतून वाचलं तर "सवय". असे सात चुकले. रडायलाच लागली.

म्हटलं, "अगं, तू डबे पाठ केलेस. न वाचता डबे तर मीपण ओळखते!"

"मग रोज झाकणं बदलशील, आजी?"

संध्याकाळपर्यंत तीनदा बदलली. शेवटी दोनच चुकले.

एकट्याने शिकणाऱ्यांनो, तुमच्या घरी आहे का अशी न शिकलेली म्हातारी? नसेल तर कळवा, मी दुपारी मोकळी असते.