पोर्ट तीन हजारवर कोण बसलंय?

ऑफिसात त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि ते त्यांना आवडे. ऐन तिशीत, दोन वर्षांच्या आत, त्यांची दृष्टी गेली होती. आता पन्नाशीत कंपनीचे सगळे सर्व्हर तेच सांभाळत. नव्या प्रोग्रामर मुलीने शेजारी बसून महिना काढला, पण संकोचाने त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

त्या सकाळी ग्राहक यायला दहा मिनिटं उरली आणि तिच्या मशीनवरचा सर्व्हर अडकला. तिने कमांडची काळी खिडकी बंद केली, नवी उघडून सर्व्हर पुन्हा सुरू करायला गेली, तर उत्तर आलं: पोर्ट तीन हजार आधीच वापरात आहे. म्हणजे तिचा सर्व्हर ज्या दारात बसायचा, तिथे आधीच कुणीतरी बसलं होतं. मशीनच बंद-चालू करावं, तर ते जुनं खोड उठायला पाव तास घेई. तिचं तोंड एवढंसं झालं.

"खिडकी मिटली म्हणून आतला माणूस गेला असं नसतं, पोरी," कानसेन म्हणाले. "सरक जरा."

त्यांनी स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज सुरू केला आणि इअरफोनची एक बाजू तिला दिली. तिला नुसती भुणभुण ऐकू आली, एक शब्द लागेना. त्यांची बोटं मात्र सरसर चालली होती.

"मशीनवर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला नंबर असतो. तीन हजारवर बसलाय नंबर एक्केचाळीस सत्तावीस. नाव वाच. तुझाच सर्व्हर ना? नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची."

तिने मान हलवली. मग ओशाळून म्हणाली, "हो, माझाच."

"आधी त्याला नीट सांगू, बंद हो म्हणून. म्हणजे त्याला आवराआवर करता येते." त्यांनी 'किल' आणि तो नंबर टाइप केला, थोडं थांबले, तीन हजारवर कोण आहे ते मशीनला पुन्हा विचारलं. "ढिम्म हलत नाही. आता मध्ये डॅश नऊ. यापुढे कुणाचं काही चालत नाही."

त्यांनी मशीनला परत विचारलं. या खेपेला भुणभुण आलीच नाही.

"गेला. कर सुरू."

ग्राहकाला दाखवायचं पान झटक्यात उघडलं. मिनिटभरही लागलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांना न्यायला त्यांची बायको आली. ते बॅग भरत होते तेवढ्यात मुलीने विचारलंच, "काकू, काका हे शिकले कुठे?"

"मी वाचून दाखवायचे. साडेसहाशे पानांचं पुस्तक, दोनदा. टिंब, रेघ, तिरकी रेघ, सगळं."

"मग तुम्हालाही येत असेल!"

"छे गं! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." त्या हसल्या. "मी एक टिंब गाळलं तरी हे मात्र ओळखायचे."

दोघं बोलत बोलत जिना उतरली. मुलगी जिन्याच्या कठड्याला धरून, त्यांचे आवाज विरेपर्यंत कान देऊन ऐकत राहिली.